चवथ आणि बारा पॉइंटचं अक्षर

गणेश चवथीला आठ दिवस होते. फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, थोरल्या भावाकडे, नेवऱ्या वहिनींकडे आणि निवृत्त माणूस म्हणून मखरातली रोषणाई माझ्याकडे. यंदा विकतची माळ नको, आर्डुइनो या दिवे वगैरे चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डसाठी मी स्वतः प्रोग्रॅम लिहीन, असं मी जेवताना सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो.

तसं काम फार नव्हतं. एक एलईडी लुकलुकवणारा ‘ब्लिंक’ हा प्रोग्रॅम तयारच मिळतो. ऊनो या आर्डुइनो बोर्डवर प्रोग्रॅमसाठी 32256 बाइट जागा असते, त्यातले तो 924 घेतो. एवढ्या मोठ्या दिवाणखान्यात एक पाट मांडावा तसा. पण तो वाचता तर यायला हवा! आमच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायच्या आर्डुइनो सॉफ्टवेअरची 1.8.19 ही आवृत्ती. तिचं अक्षर बारा पॉइंटचं, आणि माझा चष्मा चाळिशी ओलांडून बराच पुढे गेलेला.

प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे आवडीनिवडींच्या खिडकीत, अक्षर अठरा केलं. ओळी पडद्याबाहेर गेल्या. मग मेनूही मोठे करावेत म्हणून इंटरफेस स्केल दीडशे टक्के केला. तो दिसायला आर्डुइनो बंद करून पुन्हा उघडावा लागतो. उघडेपर्यंत चहा झाला. ओळींना आकडे दिले, ते बघून उगाच आपण इंजिनियर असल्यासारखं वाटलं.

इथवर थांबायला हरकत नव्हती. पण फर्मागुडीला इंजिनियरिंग करणारा पुतण्या मागून डोकावला. त्याला ओळी दोन जागा सोडून सुरू झालेल्या आवडतात, मला चार. दोन जागा म्हणजे कुळागरात माडाला चिकटून पोफळ लावण्यातला प्रकार. ही सोय प्रेफरन्सेसच्या खिडकीत नाही. खिडकीच्या तळाशी एका फाइलचा पत्ता दिलेला असतो, बाकीच्या आवडीनिवडी तिच्यात. मी फाइल उघडली, editor.tabs.size पुढचा दोन खोडून चार लिहिला, सेव्ह केलं, आर्डुइनो बंद करून उघडला. दोन! पुन्हा चार. पुन्हा दोन. तिसऱ्यांदा मी पुतण्यावर संशय घेतला.

“काका, त्या पत्त्याखालचं कंसातलं वाचलंत?”

आर्डुइनो चालू नसतानाच ही फाइल बदला, असं तिथं लिहिलं होतं. बंद होताना तो आपल्या डोक्यातल्या जुन्या आवडी फाइलवर उतरवतो आणि आपण लिहिलेलं पुसून टाकतो. आमच्या आजोबांचा स्वभाव असाच होता.

शेवटी चार झाले. आनंदात कंट्रोल-टी दाबून सगळा प्रोग्रॅम नीट मांडायला सांगितला, तर प्रत्येक ओळ परत दोन जागांवर! मांडणीचे नियम म्हणे formatter.conf नावाच्या वेगळ्याच फाइलीत असतात. एका घरात दोन कारभारी. तिच्यातही चार करण्यात पुढचे दोन दिवस गेले. एक दिवस खरं तर पावसानं गेला, वीजच नव्हती. पण तोही मी कामात धरला.

चवथीच्या आदल्या रात्री वहिनी पिठाच्या हातांनी आल्या. “भावजी, दिवे?”

“पाया झालाय,” मी म्हटलं. “आता फक्त प्रोग्रॅम लिहायचा.”

“आई, घरात सध्या लुकलुकतोय तो फक्त काकांचा कर्सर,” पुतण्या म्हणाला.

दादानं म्हापशाच्या बाजारातून माळ आणलीच होती, मला न सांगता. तिला एकच बटण. दाबलं की लुकलुकण्याची तऱ्हा बदलते, आठव्यांदा दाबलं की पुन्हा पहिली. आरती छान झाली. सगळ्यांनी मखराचं कौतुक केलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

रात्री सगळे झोपल्यावर मी आर्डुइनो बंद केला, नीट बंद झाल्याची खात्री केली आणि मगच फाइल उघडली. कर्सरच्या लुकलुकण्याची ओळ शोधली. editor.caret.blink पुढं true होतं. ते false केलं.