ब्लॅकबेरी वाईन आणि मिथेनॉल: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

ब्लॅकबेरी वाईनवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच खरमरीत लिहिलंत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: फळं घरी आंबवली की मिथेनॉल तयार होतं, त्याने माणसं आंधळी होतात, २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली. वर मी ‘केमिकलच्या गोळ्या’ टाकतो आणि त्याला घरगुती म्हणतो. मराठी पोरं हे वाचून बिघडतील, सबब लेख काढून टाकावा. मिरजेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो.

आधी मालवणी. तिथली दारू आंबवताना विषारी झाली नव्हती, तिच्यात कारखान्यात वापरायचं मिथेनॉल मिसळलेलं होतं. यीस्ट साखरेचं मिथेनॉल करत नाही. ते येतं फळाच्या सालीतल्या आणि गरातल्या पेक्टिन नावाच्या चिकट घटकातून, विकराने (एन्झाइमने) त्यावरचे मिथाइल गट सोडवले की. हे मी तुम्हाला सांगायला नको, पण इथे इतरही वाचतात. थोडं मिथेनॉल ताज्या संत्र्याच्या रसातही असतं. लाल वाईनसाठी आंतरराष्ट्रीय वाईन संघटनेने घातलेली मर्यादा लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे. त्याच लिटरभर वाईनमध्ये, ती १२ टक्क्यांची असेल तर, इथेनॉल, म्हणजे दारूतलं नेहमीचं अल्कोहोल, असतं सुमारे ९५ ग्रॅम. मिथेनॉलचं विषात रूपांतर करणारं यकृतातलं विकर आधी इथेनॉलला धरतं, म्हणून तर मिथेनॉल पोटात गेलेल्या रुग्णाला इस्पितळात इथेनॉल देण्याचा उपचार आहे.

खरं तर एक मुद्दा तुमच्या हातून निसटला. रस निवळावा म्हणून मी जे पेक्टिनवरचं विकर घालतो, त्यानेच मिथेनॉल किंचित वाढू शकतं. हे तुम्ही काढलं असतंत तर मी दाद दिली असती. चोथा चार-पाच दिवसांत गाळून टाकायचा तो चवीसाठी, पण मिथेनॉल कमी ठेवायलाही त्याचा उपयोग होतोच. भट्टी लावून गाळणं हा निराळाच प्रकार. परवान्याशिवाय तो इथे इंग्लंडातही गुन्हा आहे आणि त्यावर मी एक ओळही लिहिलेली नाही.

घाबरायचंच असेल तर काचेला घाबरा. सुरुवातीला हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजणारी नळी, १.०८८ दाखवतो, आंबणं संपलं की ०.९९६ च्या आसपास येतो. पण थंडी पडली की तो १.०१० वर अडून बसतो. एअरलॉकमधला (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतला) बुडबुडा थांबतो, वरचा थर नितळ दिसतो, खाली साका बसतो. नवशिक्याला वाटतं, झालं! तो बाटल्या भरून बुचं ठोकतो. मार्च-एप्रिलमध्ये खोली उबदार झाली की यीस्ट जागं होतं आणि राहिलेली साखर खायला लागतं. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली तरी साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० ग्रॅम राहिली असेल तर हिशोब तुम्हीच करा. शॅम्पेनची बाटली जाड असते ती उगीच नाही, साधी बाटली तो दाब सोसत नाही. म्हणून बुडबुड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आकडा कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या, वाईनच्या पातळीला येऊन आठवडाभर हलला नाही, तरच बाटली भरायची.

आता गोळ्या. त्या मेटाबायसल्फाइटच्या, म्हणजे जंतू रोखणाऱ्या गंधकयुक्त क्षाराच्या, गॅलनला एक. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही, त्यामुळे पाहुण्यांना आधी विचारलंच पाहिजे. पण केमिकल म्हणून नाक मुरडायचं असेल तर तुमच्या शेजारच्या तासगावचे पिवळेधमक बेदाणेही गंधकाची धुरी घेऊनच येतात. ते आपण देवापुढेही ठेवतो.

कायद्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंत, माझ्या मते तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. इथे स्वतःपुरती वाईन करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, मग ती जांभळाची असो की द्राक्षाची. ‘घरच्या घरी, थोडीशी’ ही सबब तिथे चालत नाही. लेखाच्या अगदी वर हे ठळक अक्षरात टाकतोय.

लेख मात्र काढणार नाही. पोरं बिघडतील म्हणता, तर पाच-सहा महिने थांबून ग्लासभर आंबट पेय मिळवण्याइतका धीर असलेलं पोर मला भेटू दे. बिघडायला याहून सोपे मार्ग नाक्यावर आहेत.

तुम्ही शेवटी चिडूनच विचारलंय, ‘आणि तो चोथा काय गटारात टाकता?’ नाही सर, कंपोस्टच्या ढिगात, वर चांगली माती ओढून. त्यात अल्कोहोल राहिलेलं असतं, ते कुत्र्यांना घातक, आणि शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर कुंपणाखालून कसा येतो ते मी पाहिलंय.