डिसले गुरुजी एकटेच की टीम?

"चांगला तास एकट्याने होत नाही, शिक्षकांची टीम लागते," टपरीवर मास्तर म्हणाले.

"एक डिसले गुरुजी बास!" आयटीवाल्याने चहाचा ग्लास कट्ट्यावर आपटला. "परितेवाडीच्या शाळेत एकट्या माणसाने पुस्तकांना क्यूआर कोड लावले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले, २०२०ला ग्लोबल टीचर प्राइझ हे दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. यात टीम कुठाय?"

"त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटली त्यांनी," काका म्हणाले. मुद्द्याशी तसा संबंध नव्हता, पण काकांना अडवणार कोण!

मास्तर झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेवर आहेत. "कोड स्कॅन केला, व्हिडिओ लागला. पुढं? पोरं टक लावून बघतात. मग फळ्यावर एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश लिहिलं की उत्तर येतं दोन सप्तमांश! म्हणून केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, आम्ही चौघांनी हाच तास धरला. मॅडमनी मोबाइलवर व्हिडिओ बनवला. एकजण म्हणाला, बेरीज यायच्या आधी थांबवा, पोरांना कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालू द्या. मी शिकवलं. बाकीचे मागं बसून मला नाही, पोरांना बघत होते. पोरांनी पट्ट्या लहानमोठ्या कापल्या होत्या, तिथंच गाडं अडत होतं. मला पुढून ते दिसलंच नसतं. पुढच्या शाळेत पट्ट्या कापूनच नेल्या."

"जपानात शिक्षक शंभरहून जास्त वर्षं असंच एकमेकांचे तास बघतात," मी माझं ज्ञान पाजळलं.

"म्हणजे आमच्या कोड रिव्ह्यूसारखं, एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने तपासायचा," आयटीवाला जरा नरमला. "मग काढा परिपत्रक, प्रत्येक केंद्रात एक टीम!"

"परिपत्रक नको रे बाबा!" मास्तर म्हणाले. "ते निघालं की लिंक येते, लिंक आली की फोटो टाका. केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, तिचा निम्मा वेळ आधीच माहिती भरण्यात जातो."

मी मास्तरांच्याच बाजूचा. तरी विचारलं, "तुम्ही दुसऱ्याचा तास बघायला जाता, तेव्हा तुमचा वर्ग?"

"जोडीदार सगळे वर्ग एकत्र बसवतो. रोज जमत नाही. पेट्रोलही आपलंच."

"आणि बदल्या झाल्या की?" काका.

"चौघांतल्या दोघांचा नंबर यंदा आहेच."

मग गाडी बदल्यांच्या पोर्टलवर गेली आणि टपरीवाल्याने शटर ओढेपर्यंत तिथून हललीच नाही.