तेरा फर्मे आणि एक बेंजो पार्टी

मेटलनं पिशवीतून जाडजूड बाड काढलं आणि कट्ट्यावर आपटलं. "संपली. दोनशे आठ पानं. आता छापायची. स्वतः."

मेटल म्हणजे आमचा मित्र. खरं नाव आता फक्त त्याच्या पगाराच्या स्लिपवर उरलंय. विम्याचे क्लेम तपासतो, वय एकोणपन्नास, केस पुढून गेलेत पण मागून अजून खांद्यावर रुळतात. धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा तेव्हापासून काळ्या टी-शर्टात आहे. रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून बंद पडलं, तेव्हापासून 'शांतता' हा शब्द तो शिवीसारखा उच्चारतो. आणि बसतो कुठे, तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, जे मैदान २०१० साली हायकोर्टानं शांतता क्षेत्र ठरवलं.

कादंबरीची गोष्ट आम्हाला तुकड्यातुकड्यानं माहीत होती. लालबागच्या चार पोरांचा मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉकचा, बँड. कुणाच्या तरी घोळामुळे कोकणातल्या एका गावानं त्यांना बेंजो पार्टी समजून शिमग्याची सुपारी दिलेली. हे तिकडे पोचतात, वाजवतात, गाव आधी सुन्न आणि मग बेभान होतं. आणि निघताना पालखीतली देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, चुकून ड्रमच्या पेटीत जातात. मग आंबा घाटात पुढे टेम्पो आणि मागे अख्खं गाव.

"दोनशे आठ म्हणजे बरोब्बर तेरा फर्मे," मी म्हटलं. डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी, करण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून कट्ट्यावर माझंच नाव फर्मा. पुस्तक छापलं जातं फर्म्यांत, सोळा पानांचा एक. एखादं पान वाढलं तर पुढचा फर्मा उघडावा लागतो आणि बाकीची पानं कोरी सोडायची की त्यात 'लेखकाचा परिचय' ताणायचा, हा प्रश्न येतो. तेरावर बरोबर बसणारं हस्तलिखित मी क्वचित पाहिलंय. शकुन चांगला होता.

मास्तरांना शकुन वगैरे काही दिसला नाही. "स्वतःचं पुस्तक स्वतः छापणं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टकं म्हणण्यासारखं आहे. सूर लागला तरी लोक हसणारच."

"हसले तर बरंच की. विनोदी कादंबरी आहे," मेटल म्हणाला.

"प्रकाशकांकडे पाठवलीस?"

"तिघांकडे. एकानं विचारलं, किशोरांसाठी आहे का. एकानं विचारलं, यातलं गाव नक्की कुठलं, भावना दुखावणार नाहीत ना. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही, आठ महिने झाले."

मी मास्तरांना 'विशाखा'ची आठवण करून दिली. १९४२ साल. कुसुमाग्रजांचा तो संग्रह वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून छापला होता. आज त्याला कुणी घरगुती छपाई म्हणतं का?

मला वाटलं, मारला षटकार. मास्तर शांतपणे म्हणाले, "फर्म्या, तो खांडेकरांनी छापला. कुसुमाग्रजांनी नाही. दुसऱ्या माणसाला स्वतःचे पैसे घालावेसे वाटले, हाच तर सगळा फरक आहे." बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसापुढे उदाहरण देताना जरा विचार करायला हवा होता.

मग मी १९७६ चं क्लिअरिंग हाउस काढलं. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल. कवींनीच एकत्र येऊन काढलेली प्रकाशनसंस्था, आणि 'जेजुरी' तिथूनच आली. यावर मास्तर म्हणाले, "तेही चौघं होते. चौघांनी एकमेकांचं वाचलं होतं. याचं कोणी वाचलंय?"

आम्ही सगळे एकदम मैदानातल्या क्रिकेटकडे बघायला लागलो.

मेटलनं विषय स्वतःच्या मैदानात नेला. तिथे तो हरत नाही. "१९७९. आयर्न मेडन, इंग्लंडचा मेटल बँड. कुठल्याही कंपनीचा करार नाही. तीन गाणी, स्वतःच्या लेबलवर, पाच हजार प्रती, टपालानं विकल्या. 'द साउंडहाउस टेप्स'. आणि त्याच डिसेंबरात ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीनं करार केला. टोनी आयोमी माहितीये? ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली. साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली आणि त्या हातानं ब्लॅक सॅबथ वाजवलं. मेटल हे पहिल्या दिवसापासून घरी बनवलेलं प्रकरण आहे, मास्तर. परवानगी मागत बसणारे लोक दुसरं संगीत ऐकतात."

आयोमीची टोपणं तो सगळीकडे वापरतो. मुलाचा गणिताचा निकाल लागला तेव्हाही वापरली होती. पण आज ती चपखल बसली, हे मान्य करायला हवं.

"आणि मेडनचा ब्रूस डिकिन्सन तर स्वतः विनोदी कादंबरीकार," तो पुढे सरसावला. "गातो, तलवारबाजी करतो, विमान चालवतो. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत कार्यक्रम झाला तेव्हा बँडचं बोईंग ७५७ त्यानंच आणलं होतं. मी होतो त्या गर्दीत. त्याच्या दोन कादंबऱ्या आहेत, १९९० आणि १९९२. चावट, धांदरट, अतरंगी."

"त्या त्यानं स्वतः छापल्या?" इतका वेळ गप्प असलेली कार्ड म्हणाली.

कार्ड दादरच्या एका वाचनालयात काम करते. कोण काय नेतो आणि कितव्या पानावर खूण घालून परत आणतो, हे तिला तोंडपाठ.

"नाही," मेटलचा आवाज जरा उतरला. "लंडनच्या प्रकाशकानं."

"कारण तो तोवर जगप्रसिद्ध होता. म्हणजे हे उदाहरण मास्तरांचंही नाही आणि तुझंही नाही. ते सोड. ती पाच हजारांची रेकॉर्ड निघाली तेव्हा ती गाणी लोकांनी ऐकली होती की नव्हती?"

"ऐकली होती म्हणजे काय! पबमध्ये वाजवत होते ना. नील के नावाचा डीजे होता, त्याच्या साउंडहाउसमध्ये त्यांची टेप लागायची. लोक मागत होते म्हणून तर रेकॉर्ड काढली. नावही त्यावरूनच."

"मग तुझा पब कुठाय?"

आता मेटलही क्रिकेट बघायला लागला.

मला तिचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं. आम्ही अर्धा तास कोण छापतो यावर भांडत होतो. वास्तविक छापणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखक स्वतःच्या नावानंही अर्ज करू शकतो. अक्षरजुळणी मी करीन, एक सिगरेटचं पाकीट घेईन. चार प्रती १९५४ च्या कायद्यानं ठरलेल्या ग्रंथालयांना जातील, त्यातली एक इथेच टाउन हॉलमधल्या एशियाटिकला. उरलेले गठ्ठे पलंगाखाली. माझ्या ओळखीच्या सात-आठ लेखकांच्या पलंगाखाली ते आहेत. एकाचा पलंग तर आता गठ्ठ्यांवरच उभा आहे. बँड रेकॉर्ड काढतो तेव्हा गाणं शंभर वेळा लोकांसमोर आपटून, घासून झालेलं असतं. कुठे लोक बिअर आणायला उठतात, हे ड्रमरला दिसतं. कादंबरीवाला एकटाच खोलीत बसून स्वतःच्या विनोदावर हसतो आणि थेट तीनशे प्रती काढतो.

"मी वाचलंय," कार्ड म्हणाली. "गेल्या महिन्यात दिलं होतंस मला, विसरलास? पहिली अकरा पानं गिटार कुठल्या सुरात लावायची यावर आहेत."

"ड्रॉप डी! त्याशिवाय पुढचा विनोद कळत नाही!"

"मग पुढचा विनोद काढ. पेटीत रूपं सापडतात तिथे मी मोठ्यांदा हसले, काउंटरवर. पण ते पान एकशे चारवर आहे. आमचा सभासद चाळिसाव्या पानाला पुस्तक बदलतो."

मास्तरांनी तेवढ्यात "संपादक, संपादक" असा जप सुरू केला. कार्डनं त्यांनाही सोडलं नाही. म्हणाली, संपादक मिळेपर्यंत हा साठीचा होईल. मग तिनं बाडातून एकशे चारावं पान शोधलं आणि मेटलच्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं."

"इथे?"

"शांतता क्षेत्र आहे. ऐकू जाईल."

मेटल हजारो लोकांत मुठी उगारून ओरडलाय, पण स्वतःचं पान हातात घेतल्यावर त्याचा आवाज दहावीच्या तोंडी परीक्षेसारखा झाला. पहिला परिच्छेद वाऱ्यावर गेला. दुसऱ्यात त्यानं जिथे थांबून आमच्याकडे आशेनं पाहिलं, तिथे कुणीच हसलं नाही. पुढे ड्रमर पेटी उघडतो, आत देव बघतो आणि घाबरून आधी चप्पल काढतो, मग टेम्पोत अनवाणीच क्लच दाबायला जातो. तिथे शेजारी बसलेला चणेवाला हसला. मेटलनं ती ओळ विनोद म्हणून लिहिलीच नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

पलीकडे एक आजोबा काठी टेकून बसले होते. फेऱ्या झाल्यावर रोज बसतात, आमच्याशी कधी बोललेले नाहीत. ते म्हणाले, "हे असं होणार नाही."

"काय?"

"रूपं अशी पेटीत जाणार नाहीत हो. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, असली तरी गुरव असतो, मानकरी असतात. रात्रभर कोणी ना कोणी जागं असतं. आमच्याकडे तर माझे चुलतेच बसायचे, बंदूक घेऊन. बार उडायचा नाही, पण बसायचे."

कादंबरीचा अख्खा डोलारा त्या एका चुकीवर उभा होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मेटल चिडणार, आयोमीची टोपणं काढणार.

तो उठला, बाड घेऊन आजोबांच्या बाजूला जाऊन बसला आणि माझ्याकडे हात करून बोटं हलवली. मी खिशातलं पेन दिलं.

"बंदूक कसली होती?" त्यानं विचारलं. "आणि चुलते झोपायचे का मधे कधी?"

आजोबा सांगायला लागले. काळोख पडला, चणेवाल्यानं टोपली उचलली, कार्डची बस गेली. मेटल पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीतच होता. चौदावा फर्मा उघडावा लागणार, हे मला तेव्हाच कळलं.