पराट्या, चूल आणि सत्तर डिग्रीचं पाणी

भाऊ, कापसाच्या वाळक्या काड्यांबद्दलच्या ‘पराट्यांपासून इथेनॉल’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "पराट्या कारखान्याला दिल्या तर घरच्या बाईनं चुलीत काय घालायचं? आणि विदर्भात पंचेचाळीस डिग्री ऊन असताना उष्णता सोसणारे एन्झाइम मुद्दाम कशाला शोधायचे?"

चुलीचं तुमचं बरोबर आहे. मी पराटीला कचरा म्हटलं, तो शब्द मागे घेतो. आमच्याही घरी आंघोळीचं पाणी पराट्या-तुराट्यांवरच तापतं. पण चुलीपुरत्या रचून झाल्या की उरलेल्यांचं काय होतं? बोंडअळी राहू नये म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही ठेवलेलं कापसाचं पीक) घेऊ नका, शेत रिकामं करा असं सांगतात, ते योग्यच आहे. मग चिमट्यानं उपटलेले ढीग धुऱ्यावर पेटवतात. मी बोलतोय ते त्या ढिगांबद्दल.

आता उन्हाचं. पराटीतली साखर सेल्युलोजच्या, म्हणजे लांब साखळ्यांच्या, रूपात असते आणि तिच्याभोवती लिग्निनचं कडक वेष्टन. आधी १६० ते २०० डिग्रीच्या वाफेनं ते सैल करतात, मग त्या साखळ्या तोडून साखर मोकळी करणारं प्रथिन, म्हणजे एन्झाइम, सोडतात. हे एन्झाइम बहुतेक ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीचं. हरभऱ्याला मर लागू नये म्हणून आपण बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो ना, तिच्याच कुळातली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले, तेव्हा ती सापडली. पण तिचं एन्झाइम ५० डिग्रीच्या आसपास चांगलं चालतं, साठीच्या पुढे ढेपाळतं. म्हणजे वाफेनं तापवलेला लगदा आधी निववायचा, मग दोन-तीन दिवस थांबायचं, आणि तेवढ्यात भलतेच जंतू साखर खाऊन टाकणार नाहीत याची राखण करायची. सत्तर-पंच्याहत्तर डिग्रीला टिकणारं एन्झाइम असलं तर काम लवकर उरकतं, लगदा पातळ राहतो, आणि त्या तापात बहुतेक उपरे जंतू तगतच नाहीत. रशियातल्या कामचाटकाच्या गरम झऱ्यात कॅल्डिसेल्युलोसिरप्टर नावाचा जिवाणू मिळाला. त्याच्या सेल-ए या एन्झाइमच्या एकाच रेणूत दोन कातऱ्या आहेत, एक साखळी मधून तोडते, दुसरी टोकाकडून कुरतडत येते. मला हे फार सुंदर वाटतं.

असे जंतू आपल्याकडेही आहेत. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेणखताच्या ढिगात सब्बल खुपसून ठेवली आणि थोड्या वेळानं काढली, तर टोकाला हात लावून ठेववेना. ढीग फोडला तर आत तुराटीचे तुकडे पांढऱ्या बुरशीनं माखलेले, बोटानं दाबले की भुगा. बाहेर थंडी होती. ती ऊब उन्हाची नव्हे, जंतूंची स्वतःची.

एक अडचण मात्र आहे. साखरेची दारू, म्हणजेच इथेनॉल, करणारं यीस्ट तिशी-पस्तिशीतच खूश असतं, त्यामुळे शेवटी लगदा निववावा लागतोच.

पानिपतच्या इथेनॉल कारखान्याचा दाखला पराटीला लागू पडत नाही, हा तुमचा टोलाही मान्य. तो २०२२ चा प्रकल्प भाताच्या पेंढ्यावर बेतलेला आहे. पराटी त्याहून लाकडासारखी, आणि फुगीर. ट्रॉली भरलेली दिसते, वजन भरत नाही. म्हणून तुकडे शेताच्या कडेलाच व्हायला हवेत आणि भाव वजनावर, जागेवर मिळायला हवा. तसं नसेल तर मीही माझ्या पराट्या देणार नाही.

तुमच्याकडे एकरी किती पराट्या निघतात आणि वर्षभर चुलीला किती लागतात, एवढं मोजून कळवाल का? मी माझ्या दोन एकरांचं मोजतोय.