रश्श्याची नको, कोंबडी सोलणाऱ्याची काळजी करा

कुठं बर्ड फ्लूची बातमी आली की कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं: हा नवा रोग नाही, जुनीच राणीखेत म्हणजे मानमोडी आहे, माणसाला तो होत नाही, आपण चिकन उकळून खातो, मग भ्यायचं कशाला, पक्षी मारायचा डाव कंपन्यांचा आहे. यातला उकळण्याचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचे तीन खपतात.

आधी तोच घेऊ. तांबडा असो की पांढरा, रस्सा खळखळून उकळतो आणि हा विषाणू 70 अंश सेल्सिअसला निकामी होतो. मात्र तेवढी उष्णता तुकड्याच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजे. हाडाजवळ मांस गुलाबी नको, अंड्याचा बलक वाहता नको. फ्रीजरमध्ये ठेवून विषाणू मरत नाही, उलट टिकतो. नीट शिजवलेलं चिकन खायला हरकत नाही.

धोका पातेल्याच्या आधी आहे. मान कापून ड्रममध्ये टाकलेली कोंबडी फडफडते तेव्हा रक्ताचे आणि विष्ठेचे शिंतोडे उडतात. पिसं काढायच्या मशिनीतून ओला फवारा निघतो, आतडी हातानं ओढली जातात. यातलं काहीच उकळलेलं नसतं. दुकानात काम करणाऱ्यानं हातमोजे आणि मास्क तर घालावाच, पण डोळ्यांवर चष्मा हवाच. का, ते पुढच्या मुद्द्यात येतं.

“माणसाला होत नाही.” सहज होत नाही, हे खरं. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरून आत शिरतो. पक्ष्यांत त्या आम्लाची जोडणी अल्फा 2,3 प्रकारची असते, माणसाच्या नाकाघशात बहुतेक अल्फा 2,6. पण आपल्या डोळ्यांच्या आवरणात आणि फुप्फुसाच्या खोल भागात अल्फा 2,3 सापडते. म्हणूनच अमेरिकेत 2024 मध्ये दुभत्या गायींत एच5एन1 हा बर्ड फ्लूचा घातक प्रकार पसरला तेव्हा गोठ्यांतल्या बाधित कामगारांचे डोळे लाल झाले. (ही गोष्ट तिकडच्या गायींची आहे, कोल्हापुरात गंगावेशच्या दूधकट्ट्यावरच्या म्हशींना ती चिकटवू नये.) हाँगकाँगमध्ये 1997 साली 18 जणांना लागण झाली, 6 दगावले. आपल्याकडे मेळघाटात 2019 मध्ये 17 महिन्यांच्या बाळाला एच9एन2 हा बर्ड फ्लूचा दुसरा प्रकार झाला. 2021 मध्ये हरियाणातला 11 वर्षांचा मुलगा एच5एन1नं गेला. 2003 पासून जगभरात एच5एन1चे नऊशेवर रुग्ण नोंदले गेले, त्यातले निम्म्याच्या आसपास मेले. सौम्य आजारी तपासणीला येतच नाहीत, त्यामुळे हे प्रमाण फुगलेलं असणार; पण “होत नाही” म्हणायला जागा उरत नाही.

“ही राणीखेतच.” तुरा निळा पडणं, डोकं सुजणं, हिरवी हगवण, एका रात्रीत पक्ष्यांचा खच: हे दोन्ही रोगांत दिसतं. डोळ्यांनी निदान करणारा जाणकार असला तरी तो अंदाजच. राणीखेतचा विषाणू वेगळ्याच कुळातला, त्याची लस शेडमध्ये पहिल्या आठवड्यातच देतात. लस वेळेवर देऊनही पटापट मर होत असेल, तर संशय आणखी वाढला पाहिजे. खरा निवाडा प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआर चाचणीचा. श्वासनलिका आणि गुदद्वारातून स्वॅब घेऊन बर्फात पाठवतात, पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत प्राथमिक तपासणी होते आणि शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. मेलेली कोंबडी शेडवरच फाडून बघायचा मोह आवरा. त्यात फाडणाराच रोगाच्या तावडीत सापडतो.

एच5एन1 इतका झपाट्यानं मारतो याचं कारण विषाणूच्या एका प्रथिनात आहे; ते फुटलं तरच विषाणू पेशीत शिरतो. सौम्य प्रकारांचं हे प्रथिन फोडणारी विकरं (एन्झाइम) श्वसनमार्गात आणि आतड्यातच मिळतात, म्हणून तो तिथंच अडकतो. घातक प्रकाराचं प्रथिन फ्युरिन नावाच्या विकरानं फुटतं आणि फ्युरिन शरीरात सगळीकडे असतं.

शेडच्या दाराशी बूट बुडवायला फिनेलचा फूटबाथ ठेवून निश्चिंत होणारे बरेच. बुटाला विष्ठा चिकटलेली असेल तर औषध आत पोचत नाही. आधी ब्रश आणि साबण, मग फूटबाथ, आणि पाणी रोज बदला. विष्ठेत हा विषाणू 4 अंशाला 35 दिवस, 37 अंशाला सुमारे 6 दिवस जगतो. थंडीत जास्त जपायचं ते यासाठी.

शेडवर काम करणाऱ्याला आजारी पक्ष्यांशी संबंध आल्यापासून 10 दिवसांत ताप, खोकला किंवा लाल डोळे दिसले, तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात जाऊन कोंबड्यांचं आधी सांगावं. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सर्वात उपयोगी पडतं.

राहिला कंपन्यांचा डाव. पक्षी मारतात ते बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरपर्यंतचे. 10 किलोमीटरपर्यंत पाळत असते. भरपाई केंद्र आणि राज्य मिळून देतात, पण ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची. आपोआप मेलेल्यांची नाही. मर लपवून पक्षी रात्री ओढ्यात टाकणाऱ्याचा पैसा तिथंच बुडतो आणि कावळे-कुत्री तो माल शेजारच्या शेडपर्यंत पोचवतात.