मर रोगाची बुरशी म्हणे सगळीकडे एकच!

थोरल्या भावाने काल रात्री तो मेसेज पाठवला, खाली स्वतःची ओळ जोडून: "बघ, उगाच प्रतिकारक वाणाच्या मागे लागलो होतो." हाच मजकूर मला चौथ्यांदा आलाय. त्यात म्हटलंय की मर रोगाची बुरशी सगळीकडे एकच, टोमॅटोवरची केळीला लागते, केळीवरची हरभऱ्याला. म्हणून प्रतिकारक वाण हे थोतांड. आणि एक हंगाम पीक बदललं की बुरशी जमिनीतून जाते.

नाव एकच आहे, फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, हे मान्य. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पिकांवरच्या बुरश्या ओळखू येत नाहीत, हेही मान्य. पण जनुकांचं काय? 2010 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात टोमॅटोवरच्या बुरशीचा अभ्यास आला. तिची गुणसूत्रं 15. त्यातली चार अख्खी गुणसूत्रं तुलनेला घेतलेल्या दुसऱ्या फ्युजेरियम प्रजातींत नाहीतच. संशोधकांनी ही बुरशी आणि टोमॅटोला अपाय न करणारी ऑक्सिस्पोरम एकत्र वाढवली. रोगाची जनुकं असलेलं गुणसूत्र एकीतून दुसरीत गेलं आणि ती गरीब बिचारी बुरशी टोमॅटो मारू लागली! म्हणजे नाव तेच, पण हत्यार हाती नसेल तर मर नाही. सगळ्या सारख्याच असत्या तर हा प्रयोग करायला उरलंच काय असतं?

प्रतिकारक वाण फसतात, एवढं मात्र खरं. एकाच बुरशीचे, वेगवेगळ्या वाणांना मारणारे प्रकार म्हणजे रेस. ग्रो मिशेल या वाणाची केळी रेस 1 ने व्यापारी लागवडीतून जवळपास संपवली. तिच्या जागी आलेली कॅव्हेंडिश टिकली, आणि आता तिला ट्रॉपिकल रेस 4 गाठतेय. पण तीच कॅव्हेंडिश रेस 1 पुढे आजही उभी आहे. टोमॅटोत तर हे कसं घडतं तेही कळलंय: झाडाचं प्रतिकारक जनुक बुरशीचं एक ठरावीक प्रथिन ओळखून सावध होतं. रेस 2 ने असं एक प्रथिन टाकूनच दिलं. रेस 3 ने दुसऱ्या प्रथिनात एखाद्या अमिनो आम्लापुरता बदल केला आणि पहारा चुकवला. वाण खोटा नव्हता, समोरची रेस बदलली होती.

एका हंगामाच्या फेरपालटाबद्दल काय बोलावं! हरभऱ्याची मर बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते.

हरभऱ्यावरच्या या बुरशीच्या आठ रेस नोंदल्या गेल्यात. दादाला फोन करून विचारलं, तुझ्या रानात त्यातली कोणती? तो म्हणाला, "अशी तपासणी होते?"