निळ्या रेषेच्या आत

कृष्णाकाठी पाणी वाढलं की आमच्या घरात तोच वाद पेटतो. परवा पुण्याच्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "निळ्या पूररेषेच्या आतली गावं एकदाची उचलून माळावर न्या. दर पुराला लोकांच्या करातून भरपाई कशाला?" त्यावर मामांनी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर खापर फोडलं. भाच्याचं वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. मीसुद्धा पूररेषेच्या आतच राहते, फक्त फ्रान्समधल्या गारोन नदीच्या.

माझं कुत्यूर हे मारमांद शहराच्या खालच्या अंगाचं काहीशे वस्तीचं गाव. काठानं पॉपलरच्या रांगा, मागं मका, उन्हाळ्यात टोमॅटो. भिंतींवर १९३० आणि १९८१ च्या पुराच्या रेघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये मारमांदला पाणी १० मीटरच्या वर गेलं. मेरीतून, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीतून, फोन आला, आम्ही फ्रीज, गाद्या वर चढवल्या, शेजारच्या आजोबांनी नाव दाराशी बांधली. पाणी उतरल्यावर सगळ्यांनी मिळून गाळ खरवडला. गाव उठवा, असं त्या दिवसांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

हे लोक आपल्यापेक्षा धीराचे नाहीत. डिसेंबर १९८१ च्या पुरानंतर जुलै १९८२ मध्ये इथं कायदा झाला: घराच्या प्रत्येक विम्यावर नैसर्गिक आपत्तीचा अधिभार. तो २०२४ पर्यंत १२ टक्के होता, २०२५ पासून २० झाला. पॅरिसमध्ये सहाव्या मजल्यावर राहणाराही तो भरतो, आणि गारोनकाठच्या शेतकऱ्याला कुणी फुकटा म्हणत नाही. पूररेषेच्या आत नवं घर बांधायला मात्र सहसा परवानगी मिळत नाही. मामांनाही हे ऐकून घ्यावं लागेल.

भाच्यानं कृष्णाकाठची मळीची, गाळाची जमीन कधी कसलेली नाही. ज्या गाळानं घर बुडतं त्याच गाळात आमची वांगी होतात. माळावर ती चव येत नाही. इथला टोमॅटो खाताना मला दरवेळी त्या वांग्यांची आठवण येते आणि घास अडतो. नरसोबाच्या वाडीला पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडलं की लोक त्यात अंघोळीला धावतात. त्या पाण्याला नुसती आपत्ती म्हणणं मला जमत नाही.

पण ऑगस्ट २०१९ मध्ये आईला बोटीतून काढलं, शाळेत ठेवलं, तेव्हा फोनवर मीच तिला म्हणाले होते, "वीक ते घर, पुण्याला जा." अगदी भाच्यासारखं, वैतागून. ती म्हणाली, "तू कुठं ऱ्हातीस गं? नदीकाठालाच न्हवं?" मी विषय बदलला.

आई आता नाही. मळीतला माझा वाटा भावाच्या नावावर करायचा कागद दोन वर्षं माझ्या कपाटात आहे, वरच्या मजल्यावर, पाणी पोचणार नाही अशा खणात. दादा विचारतो. माझ्यानं सही होत नाही.